"एप्रिल अखेर खाली कर": मुदतीआधी घर सोडायला सांगितल्याचं एक प्रकरण

झालं असं की शिमग्याला गावी आलेल्या घरमालकाने माझ्या मावशीला सांगितलं, एप्रिल अखेर घर खाली कर. तिच्याकडे ३६ महिन्यांचं रजिस्टर ॲग्रीमेंट होतं आणि त्यातले जेमतेम २१ महिने झाले होते. पुढचे सात महिने आमचे त्यातच गेले. मी तालुक्याच्या कोर्टासमोर झेरॉक्स-डीटीपीचं दुकान चालवतो, दावे, कैफियती, नोटिसा टाईप करणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या प्रकरणातला कागद न् कागद माझ्या हाताखालून गेलाय. आमच्याकडे अशी माणसं खूप आहेत जी मालकाने नुसतं तोंडी सांगितलं की सामान बांधतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. नावं आणि गावाचं नाव देत नाही, सिंधुदुर्गातलं समुद्रापासून दीडेक किलोमीटरवरचं गाव आहे एवढं पुरे.

मावशी विधवा, मुलगी बारावीला. मालवणी मसाला करून विकते, मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी असतात. घर कौलारू, पुढे पडवी, त्याच्यापुढे मोठं खळं, मागे विहीर आणि तिच्यावर पंप. खळं महत्त्वाचं, कारण मार्च ते मे मिरच्या तिथेच वाळतात. जुन्या साड्या अंथरायच्या, त्यावर बेडगी एका बाजूला, लवंगी दुसऱ्या बाजूला, दुपारी एकदा हात फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायचं. मग धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर वगैरे भाजून सगळं डंकावर कुटून आणायचं. या तीन महिन्यांत जो माल होतो त्यावर वर्ष निघतं. म्हणजे एप्रिल अखेर घर खाली करणं हे तिच्यासाठी नुसतं घर बदलणं नव्हतं, वर्षाची कमाई उन्हात टाकलेली असताना साडीसकट उचलून न्यायची असं ते होतं.

मालक डोंबिवलीला असतात, वय सत्तरच्या पुढे, सगळे त्यांना आबा म्हणतात. माणूस वाईट नाही हे मी आधीच सांगतो. गावाकडे पर्यटक वाढलेत, शेजारच्या वाडीत दोन होमस्टे झाले, आबांच्या मुलाला वाटलं आपलंही घर तसंच करावं, त्यात पुण्याचा एक गिऱ्हाईक आला, त्याला घर विकत हवं होतं पण रिकामं. एजंट येऊन टेप लावून खळं मोजून गेला, मिरच्यांच्या साड्या बाजूला सरकवून. मावशीला तेव्हाच संशय आला होता.

पालखी घरी येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा पडवीत येऊन बसले. "बाय, घर माका व्हया. एप्रिल अखेर खाली कर." मावशी म्हणाली, "आबानू, कागदार तीन वर्सा लिवलेली आसत. मसाल्याचो शीजन आसा, आता मी खय जांव?" आबा म्हणाले कागद काय, घर माझं आहे ना.

इथेच बहुतेक जण हरतात. घर मालकाचंच आहे, त्यात वाद नाही, पण ते ठराविक मुदतीसाठी पैसे घेऊन दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यावर ते परत कधी आणि कसं मिळणार हे कागद ठरवतो, आणि कागदावरून भांडण झालं तर कोर्ट ठरवतं. तिसरा कोणी नाही.

कागदात काय होतं

ॲग्रीमेंट लिव्ह अँड लायसन्सचं (म्हणजे भाडेपट्टा नव्हे, पैसे घेऊन ठराविक मुदतीसाठी दिलेली वापराची परवानगी), ऑनलाइन नोंदलेलं, दोघांचे अंगठे, आधार, सगळं. पहिल्या वर्षी भाडं ७,०००, दुसऱ्या वर्षी ७,५००, तिसऱ्या वर्षी ८,०००, डिपॉझिट ४०,०००. सुरुवात १ जूनची. लॉक-इन २४ महिने, म्हणजे तेवढ्यात दोघांपैकी कोणीही मोडायचं नाही. पुढचं वाक्य शब्दशः असं होतं: "लॉक-इन कालावधी संपल्यानंतर उभयतांपैकी कोणीही दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन सदर करार संपुष्टात आणू शकेल." आणि वापराच्या कलमात "राहण्यासाठी व घरगुती मसाला उद्योगासाठी, खळे व विहिरीच्या वापरासह" असं लिहिलेलं होतं. हे शेवटचं मावशीने हट्टाने घालून घेतलं होतं. एजंट म्हणत होता कशाला, राहण्यासाठी एवढं बास आहे. पुढे याच एका ओळीने किती काम केलं ते येतंच.

रजिस्ट्रेशनचा खर्च लोकांना उगाच मोठा वाटतो म्हणून सांगतो. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सला महाराष्ट्रात एकूण रकमेच्या पाव टक्का स्टॅम्प लागतो, नोंदणी फी ग्रामपंचायत हद्दीत ५०० आणि शहरात १,००० रुपये. तेवढ्यासाठी लोक शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करतात आणि वर्षभराने माझ्या दुकानात रडत येतात.

आमचं सगळ्यात पहिलं चांगलं पाऊल म्हणजे आम्ही आबांशी भांडलो नाही. मावशीने त्याच रात्री व्हॉट्सॲपवर नीट लिहून पाठवलं, की आज तुम्ही एप्रिल अखेर घर सोडायला सांगितलंत, करार अमुक तारखेपर्यंत आहे, मी भाडं वेळेवर देतेय, मला सोडणं शक्य नाही. त्याला आबांच्या मुलाचं उत्तर आलं, "पप्पांनी सांगितलं ते फायनल." ते पुढे पुरावा म्हणून लागलं, म्हणजे मुदतीआधी काढायला सुरुवात त्यांनी केली हे त्यांच्याच तोंडून.

वकील कुठून आणला? तालुका विधी सेवा समितीकडून. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती आहे ते बघत नाहीत, कलम १२ आहे. हेल्पलाइनचा नंबर १५१००. मावशी म्हणत होती फुकटचा वकील काय लक्ष देणार, पण ज्या मॅडम मिळाल्या त्यांनी पहिल्या दिवशी ॲग्रीमेंट दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की घर नगरपालिकेत येतं का ग्रामपंचायतीत.

हा प्रश्न आमच्या डोक्यातही नव्हता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ (लागू झाला ३१ मार्च २००० ला) हा सगळ्या महाराष्ट्राला सरसकट लागू नाही, त्याच्या परिशिष्टांत जी शहरं-गावं आहेत किंवा सरकारने नंतर जोडली असतील तिथेच लागू होतो. आमचं गाव त्यात नाही. तुमचं घर त्या हद्दीत असेल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे भाडेकरू नियमित भाडं देतोय तोवर कलम १५ प्रमाणे त्याला काढता येत नाही, थकबाकी असली तरी आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं, आणि मालकाला स्वतःला खरोखर गरज असेल तर कलम १६ खाली दावा, त्यातही जास्त हाल कोणाचे होतील हे कोर्ट तोलून बघतं. पाणी-वीज तोडायला कलम २९ ची स्पष्ट बंदी. पण हे भाडेकरूसाठी. कागद लिव्ह अँड लायसन्सचा असेल तर मुदत संपली की कलम २४ प्रमाणे घर सोडावंच लागतं आणि नाही सोडलं तर दुप्पट भाडं भरावं लागतं, हेही तेवढंच खरं. मुदत संपायच्या आधी काढणं आणि संपल्यावर न सोडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक त्या कायम एकत्र करतात.

आमच्याकडे मग काय उरलं? करार, १८८२ चे दोन जुने कायदे आणि ताबा. मॅडमनी सांगितलं की पहिला जुना कायदा मालमत्ता हस्तांतरणाचा, त्यात ज्यांच्याकडे काहीच लिखित नाही अशा महिन्याच्या भाडेकरूलासुद्धा कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. दुसरा सुविधाधिकाराचा, ईझमेंट ॲक्ट, लायसन्स त्यात येतं. त्याच्या कलम ६४ मध्ये चक्क लिहिलंय की पैसे घेऊन लायसन्स दिलं आणि लायसन्स घेणाऱ्याची काही चूक नसताना मुदतीआधी काढलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते. मावशीची ऑर्डरींची वही तेव्हापासून कपाटात कुलपात. १४० किलोच्या ऑर्डरी होत्या, कोणाच्या, कधी पैसे आले, सगळं तारखेसह.

मी मध्येच विचारलं, मॅडम कागदावर लायसन्स असलं तरी घर पूर्ण तिच्या ताब्यात, चावी तिच्याकडे, मग हा खरा भाडेपट्टाच नाही का? कारण टाईप करताना १९५९ चा असोसिएटेड हॉटेल्सचा निकाल मी शंभर वेळा बघितलाय, नाव काय दिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात काय दिलंय ते बघायचं असा. त्या म्हणाल्या मुद्दा बरोबर आहे, पण तो लढवायला गेलो तर वर्षं जातील, आणि आपल्याला वर्षं नकोत, आपल्याला मे महिना हवाय. मला हे फार पटलं. आमच्याकडे अर्ध्या केसेस अशाच वाया जातात, माणसाला हवा असतो सीझन आणि तो मागत बसतो मालकी.

मार्च-एप्रिल

आबांच्या वकिलाची नोटीस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तीन कारणं. एक, घराची स्वतःला गरज. दोन, मसाल्याच्या ठसक्याने शेजाऱ्यांना त्रास, म्हणजे उपद्रव. तीन, राहण्याच्या जागेत धंदा. दोन आणि तीनला आमच्याकडे ती ओळ होती, "घरगुती मसाला उद्योगासाठी", मालकाच्या सहीची. शिवाय एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांच्या धंद्याला लागतं ते) रजिस्ट्रेशन त्याच पत्त्यावर, आणि त्याच्या अर्जासाठी ना-हरकत आबांनीच दिलेली. पहिल्याचं उत्तर एकच, करारात मालकाच्या गरजेसाठी लॉक-इन मोडायची तरतूदच नाही.

आम्ही उत्तर दिलं, आणि सोबत कोर्टात कॅव्हेट टाकलं, म्हणजे समोरच्याने परस्पर जाऊन काही आदेश घेऊ नये, आधी आम्हाला ऐकावं. ते ९० दिवस चालतं.

मग खरा डाव आला आणि हा मी सगळ्यांना मुद्दाम सांगतो. मार्चचं भाडं ७,५०० मावशीने नेहमीसारखं ऑनलाइन पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते परत तिच्या खात्यात. तिला वाटलं काहीतरी बँकेची चूक, तिने परत पाठवलं, परत आलं. तिला तर पहिल्यांदा बरंच वाटलं, मला म्हणाली, अरे महिन्याचं भाडं नको म्हणतायत की काय. नको नव्हे, तीन महिने असंच परत करायचं आणि मग नोटीस काढायची की भाडं थकलं. थकबाकी दाखवली की कराराचा भंग होतो आणि भंग झाला की लॉक-इनचं संरक्षण जातं.

आम्ही चेक काढला, सोबत पत्र, भाडं अमुक महिन्याचं, ऑनलाइन दोनदा परत आल्यामुळे चेकने पाठवत आहे, आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालंय, त्यामुळे आता तेच करायचं). आठव्या दिवशी पाकीट परत. पोस्टमनचा लाल पेनाने शेरा, "घेण्यास नकार", खाली तारीख आणि सही. मावशी फोडायला निघाली होती, मी हात धरला. ते पाकीट आम्ही फोडलं नाही, तसंच बंद कोर्टात दिलं. १८७२ च्या करार कायद्यात कलम ३८ आहे, एखाद्याने आपलं देणं नीट पुढे केलं आणि समोरच्याने ते घेतलं नाही, तर न दिल्याचा दोष देणाऱ्यावर येत नाही. एप्रिललाही तसंच केलं. दोन बंद पाकिटं.

याच दरम्यान आबांचे चुलतभाऊ मुंबईहून आले, म्हणे सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, मी सही केलेली नाही, मला हा करार मान्य नाही. कोकणात हे होणारच, एका घराच्या उताऱ्यावर अकरा-अकरा नावं असतात, त्यातली सहा मुंबईत, एक बडोद्याला आणि एकाचा पत्ताच नाही. मावशी याला सगळ्यात जास्त घाबरली. मॅडमनी शांतपणे सांगितलं, ज्याने घर दिलं त्याला मला द्यायचा अधिकारच नव्हता असं आता म्हणता येणार नाही, आणि ज्याने दिलं नाही त्याला वाटपाचा दावा करायचा तर खुशाल करू दे, पण सहहिस्सेदार आहे म्हणून दारात येऊन कोणाला बाहेर काढता येत नाही. आणि त्या पुण्याच्या गिऱ्हाइकाबद्दल, भाडेपट्टा असता तर आबांनी घर विकलं तरी घेणाऱ्याने मावशीला डोक्यावर घेऊनच घर घेतलं असतं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०९ तेच सांगतं. लायसन्सने मात्र घर विकत घेणारा बांधला जात नाही, ईझमेंट ॲक्टचं कलम ५९, हे त्यांनी लपवलं नाही.

आबांचा मुलगा अधूनमधून व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड पाठवायचा, देशात नवीन भाडे कायदा आला, मालकाला अमुक अधिकार वगैरे. तो मॉडेल टेनन्सी ॲक्ट, केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ ला मंजूर केलेला नमुना आहे. राज्याने त्याप्रमाणे आपला कायदा केल्याशिवाय तो कोणाच्या घराला लागू होत नाही. असे फॉरवर्ड वाचून कृपा करून कोणी घर सोडू नका.

२२ एप्रिलला पंपाच्या पेटीला कुलूप. बाहेरचं, नवीन, पिवळं. मावशीने दोन दिवस रहाटावर पाणी ओढलं, पन्नाशीच्या बाईने, मसाल्याच्या दिवसांत. मी कुलपाचे फोटो काढले, त्यात मागे विहीर आणि पुढे त्या दिवसाचं वर्तमानपत्र येईल असे. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. ही दिवाणी बाब आहे असं तिथे सांगितलं गेलं, ते चुकीचंही नाही, पण अर्ज घेतला आणि पोच मिळाली, आम्हाला तेवढीच हवी होती. अर्ज तोंडी करू नका आणि पोच घेतल्याशिवाय निघू नका.

विजेचंही केलं. मीटर आबांच्या नावावर, त्यांनी कायमचं बंद करायचा अर्ज टाकला, आमच्याकडे याला मीटर पीडी करणं म्हणतात. लाईनमन ओळखीचा, तो वायर कापायच्या आधी विचारायला आला. मावशीने ॲग्रीमेंट दाखवलं, आम्ही त्याच दिवशी ऑफिसात हरकत दिली आणि तिच्या नावाने वेगळ्या कनेक्शनचा अर्जही. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये मालक किंवा वापरणारा, दोघांपैकी कोणीही वीज मागू शकतो असं आहे, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की वीज ही मूलभूत गरज आहे, मालकाची एनओसी नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही. पीडी थांबलं.

आणि मग २६ एप्रिल. सकाळी साडेसातला शिडी घेऊन चार गडी आले. आबांनी पाठवलंय, कौलं परतायची आहेत, पावसाआधी घर शाकारायला हवं. ऐकायला किती साधं. कोकणात दरवर्षी मे महिन्यात प्रत्येक कौलारू घरात हे होतं. पण कौलं उतरवून माणसं निघून गेली तर? चौदा दिवसांनी वळवाचा पाऊस, आणि खाली शंभर किलो मिरची. मावशी दारात उभी राहिली, म्हणाली एक खण उतरवा, तो परत चढवा, मग दुसरा, आणि मी इथेच उभी आहे. गड्यांना सगळी कौलं एकदम उतरवायला सांगितलं होतं. त्यातला वयस्कर होता तो शिडीला हात लावून थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "आमी नाय करूचंव ह्यां," आणि शिडी उचलून चौघे परत गेले. त्या माणसाचे उपकार आम्ही विसरणार नाही.

कोर्ट

कोर्टाची उन्हाळी सुट्टी तोंडावर होती. सुट्टीत सापडलो असतो तर महिनाभर कोणी विचारलं नसतं, म्हणून २९ एप्रिलला मनाईचा दावा आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज, रात्री दीडपर्यंत टाईप करत बसलो होतो. धाकधूक एकच होती. लायसन्सवाल्याला मालकाविरुद्ध मनाई मिळतेच असं नाही, कोर्ट म्हणू शकतं तुझं नुकसान पैशाने भरून निघतं, पैसे माग. समोरच्या वकिलाने तेच मांडलं. आमच्या मॅडमनी १९८९ चा कृष्णा राम महाले हा सुप्रीम कोर्टाचा निकाल ठेवला, मुंबईतल्या एका धंद्याच्या जागेवरून झालेला, त्यात स्पष्ट आहे की स्थिर ताब्यात असलेल्या माणसाला, त्याचा राहायचा हक्क संपलाय असं धरलं तरी, कायद्याच्या मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही. मग दोन बंद पाकिटं, कुलपाचे फोटो, ऑर्डरींची वही. २ मे ला आदेश झाला, जैसे थे. पंपाचं कुलूप त्याच संध्याकाळी निघालं.

समजा त्याआधीच जबरदस्तीने काढलं असतं तर? तर विशिष्ट अनुतोष कायदा १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, तिथे मालकी कोणाची हा प्रश्नच येत नाही. सहा महिने मात्र मोजून सहा महिने.

सीझन पार पडला. शेवटची मिरची मे अखेर डंकावर गेली.

आणि ३१ मे ला लॉक-इन संपलं. इथे आमची बाजू तेवढी भक्कम राहिली नाही, ते सांगायला हवं. आबांच्या वकिलाचं म्हणणं, मार्चची नोटीस होतीच, दोन महिने केव्हाच झाले, म्हणजे १ जूनला घर रिकामं हवं. आमचं म्हणणं, कलमात "लॉक-इन संपल्यानंतर" नोटीस देऊन असं आहे, म्हणजे नोटीस १ जूनच्या पुढचीच चालेल, लवकरात लवकर जुलै अखेर. एका "नंतर" या शब्दावर दोन्ही बाजूंनी तास-तास बोलणं झालं. मला खरं सांगायचं तर आमचाच अर्थ बरोबर वाटतो, पण तो मानला तरी आम्हाला मिळत काय होतं, भर पावसात जुलैमध्ये टेम्पो. ताडपत्रीखाली मसाल्याचे डबे, चिखलात रुतलेली चाकं, मुलीची पुस्तकं. जिंकूनही तेच.

कोर्टाने मध्यस्थीला पाठवलं. पहिल्या बैठकीत आबांचा मुलगाच बोलला, दुसऱ्या बैठकीत आबा एकटे आले आणि तिथे गोष्ट बदलली. त्यांना विचारलं तुम्हाला घर नक्की कधी हवंय. म्हणाले, दिवाळीपर्यंत रंगरंगोटी होऊन नाताळच्या पर्यटकांना मिळालं पाहिजे. पावसात तर त्यांनाही घर घेऊन काहीच करता येणार नव्हतं! पुण्याचा गिऱ्हाईक एव्हाना दुसरीकडे गेला होता. मावशीला विचारलं तुम्हाला काय हवंय. ती म्हणाली, पाऊस जाऊ दे आणि गणपती याच घरात होऊ दे.

जुलैमध्ये तडजोड लिहिली आणि कोर्टाने तीवर हुकूमनामा केला, त्यामुळे कोणी फिरलं तर परत पहिल्यापासून भांडायची गरज नाही. मावशी १५ ऑक्टोबरला घर सोडणार. तोवर भाडं ७,५०० च, वाढ नाही. मार्च-एप्रिलचं न घेतलेलं आणि मे-जूनचं भाडं आबांनी चेकने घेतलं. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं मुदतीआधी सोडल्याची भरपाई म्हणून माफ. डिपॉझिट ४०,००० चावी देताना त्याच जागी, त्याच वेळी, रंगकामाच्या नावाखाली एक रुपया कापायचा नाही. टेम्पोचे ६,००० आबांचे. आणि फाटकावर मावशीच्या नवीन पत्त्याची पाटी तीन महिने राहील, कारण तिची अर्धी गिऱ्हाइकं फोन न करता थेट दारात येतात. ही पाटीची अट मावशीने स्वतः सुचवली, आम्हा कोणाला सुचली नव्हती.

कोणी म्हणेल ३६ पैकी २९ महिने पण पूर्ण नाहीत, मग लढून मिळवलं काय. एक मसाल्याचा सीझन, एक पावसाळा, एक गणपती, दोन महिन्यांचं भाडं आणि पूर्ण डिपॉझिट. एप्रिलमध्ये ती निघाली असती तर यातलं काहीच नव्हतं, आणि डिपॉझिटसाठी डोंबिवलीच्या फेऱ्या.

१५ ऑक्टोबरला आम्ही मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, खोल्या एक-एक करून व्हिडिओत घेतल्या, विहिरीचा पंप चालू करून दाखवला. आबांनी पैसे मोजून दिले, मावशीने परत मोजले. पावतीवर दोघांच्या सह्या.

नवीन घर दोन वाड्या सोडून आहे, खळं थोडं लहान. त्याचं ॲग्रीमेंट मी टाईप केलं. नोटिशीच्या कलमात नुसता "नंतर" हा शब्द ठेवला नाही, स्पष्ट लिहिलं की नोटीस लॉक-इनच्या शेवटच्या दिवसानंतरच्या तारखेची असावी आणि तिची मुदत ती मिळाल्याच्या तारखेपासून धरावी. आणि एक नवीन कलम घातलं, १ जून ते ३० सप्टेंबर या काळात कोणत्याही कारणाने जागा खाली करून मागता येणार नाही, तसंच १ मार्च ते ३१ मे मध्येही नाही. नवीन मालकीणबाई शाळेतून रिटायर झालेल्या, चष्मा लावून त्यांनी ते कलम दोनदा वाचलं, विचारलं मार्च ते मे कशाला. मावशीने खळ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी सही केली.